नऊ नंबरची जागा

४ सप्टेंबर, सोमवार

नऊ नंबर यंदा खेळणार नाही.

ही वही बास्केटबॉलच्या सरावाची. कोण आलं, कोण उशिरा आलं, कोणाचे किती नेम लागले, इतकंच मी यात लिहीत आलो. यंदा मात्र जे होईल ते सगळं लिहून ठेवणार आहे. उद्या कोणी विचारलं की टीम कशी बुडाली, तर माझ्याकडे कागद असावा.

नऊ नंबर म्हणजे माझी मुलगी. तेरा वर्षांची असताना ती पहिल्यांदा हॉलमध्ये आली, त्या दिवशीच मी तिला सांगितलं होतं, दाराच्या आत मी बाप नाही आणि तू लेक नाहीस. तिने ते इतकं पाळलं की हॉलमध्ये मला सर म्हणते. या वहीतही ती नऊ नंबरच आहे. आता सव्वीस वर्षांची आहे, चष्म्याच्या दुकानात काचा घासते, आणि आमच्या गटात तिच्या तोडीची सेंटर दुसरी नाही. हे बाप म्हणून लिहीत नाही.

काल दुपारी जेवताना म्हणाली, यंदा मी नाही. का, तर गुडघा. मी म्हटलं, गुडघे सगळ्यांचेच दुखतात. माझेही दुखतात, म्हणून मी कामाला जायचा थांबलोय का? ती म्हणाली, ठीक आहे. एवढंच. हात धुतले, बॅग भरली, आणि दुकानाच्या मागे एक खोली रिकामी आहे तिथे राहायला गेली. कामाला जवळ पडतं म्हणे. बायकोने भाजीवर झाकण ठेवलं.

एप्रिलच्या फायनलला याच गुडघ्यावर तिने एकतीस गुण केले होते. मध्यंतरात लंगडत होती. मी स्वतः पट्टी बांधली, चार वेढे, घट्ट. उठली आणि खेळली. तेव्हा चालला, आता चालत नाही. यात काहीतरी वेगळंच आहे.

७ सप्टेंबर, गुरुवार

वर्कशॉपमध्ये आज काम कमी. पाण्याचे चार मीटर दुरुस्तीला आले होते, ते अकरापर्यंत उरकले. मग पाठकोऱ्या कागदावर टीमचं मांडून बघितलं.

गेल्या हंगामात आमचे एकूण गुण पाचशे बारा. त्यातले दोनशे साठ एकटीचे. म्हणजे अर्धी टीम गेली.

उरल्या कोण? कप्तान, शाळेत गणित शिकवते, डोकं थंड पण पाय जड. नर्स, अंगाने दणकट, पण ड्यूटी लागली की गायब. बुटकी, बेकरीत काम करते, पहाटेपासून भट्टीपुढे उभी असते तरी सगळ्यांत जास्त पळते. उंचीला माझ्या खांद्याला लागते. नवी, एकोणीस वर्षांची, उंच उडी सोडून आमच्याकडे आलेली. उडते सुंदर, पण कशासाठी उडायचं ते तिला अजून उमगलेलं नाही. कॉलेजातल्या दोघी आहेत, त्यांचं अर्धं लक्ष परीक्षेत. आणि बाकावर शिवणकामवाली. ती चार वर्षं बाकावरच आहे, तक्रार नाही.

आठ टीम, सात सामने. जी आठवी येईल ती खालच्या गटात. आणि खालच्या गटाला संध्याकाळचा हॉल नाही, हा क्लबचा नियम. बॅडमिंटनवाले त्या वेळेवर टपूनच बसलेत. संध्याकाळ गेली तर उरते पहाट, आणि पहाटे बुटकी भट्टीवर, नर्स वॉर्डात, कॉलेजवाल्या अंथरुणात. टीम मोडेल.

क्लबच्या सेक्रेटरीने फाटकावर गाठून विचारलं, यंदा काय आशा? मी सांगितलं, पहिल्या चारांत येऊ. इथे खरं लिहितो. सातवे आलो तरी देव पावला.

१२ सप्टेंबर, मंगळवार

आज एक विचित्र प्रकार झाला. कप्तानने बॉल घेतला, मान वर न करता डाव्या कोपऱ्यात फेकला, आणि तिथे कोणीच नव्हतं. बॉल भिंतीवर आपटून परत आला. दहा मिनिटांनी बुटकीने तेच केलं. मग नर्सने. नऊ नंबर जिथे उभी राहायची तिथे बॉल टाकायची हातांना सवय झाली आहे. मी नवीला त्या जागेवर उभं केलं, तर ती बॉल आला की दचकते.

मी ओरडलो. ओरडून काही झालं नाही.

१७ सप्टेंबर, रविवार

काल हरलो. ३८–६१. गणवेश धुऊन वाळत घातले. नऊ नंबरचाही धुतला, तो कोणी घातला नव्हता तरी.

२१ सप्टेंबर, गुरुवार

हिचं एक नवल लिहून ठेवतो. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात बायको हॉलमध्ये मोजून तीनदा आली असेल, त्यातही एकदा किल्ली द्यायला. आज कपड्यांच्या घड्या घालताना म्हणाली, "ती बेकरीवाली रिंगच्या डाव्या बाजूने टाकते तेव्हा जास्त जातात म्हणे."

मी विचारलं, कोण म्हणे? म्हणाली, कोणी नाही, मागे पाहिलं होतं.

मी संध्याकाळी बुटकीला वीस चेंडू डावीकडून आणि वीस उजवीकडून टाकायला लावले. डावीकडून तेरा गेले, उजवीकडून सहा. सहा वर्षं ही मुलगी माझ्यासमोर खेळतेय आणि मी तिला उजवीकडे उभी करतोय, कारण डावीकडून नऊ नंबर आत घुसायची.

घरात झाकलं माणिक होतं म्हणायचं.

२८ सप्टेंबर, गुरुवार

आता सगळं कळलं. सेक्रेटरी म्हणाला, काल मोठ्या हॉस्पिटलच्या फाटकाशी नऊ नंबर उभी होती आणि गोदीवाल्यांचा कोच तिच्याशी बराच वेळ बोलत होता. गोदीवाल्या म्हणजे बंदराच्या कामगारांची टीम, गेल्या हंगामात फायनलला आम्ही त्यांनाच हरवलं. त्यांच्यात खेळाडू घेण्याआधी वैद्यकीय तपासणी करतात हे मला माहीत आहे. म्हणजे तपासणीपर्यंत गोष्ट गेली.

गुडघा म्हणे.

मी तिला फोन करणार नाही. घरी हे सांगितलं तर बायकोने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काही चोरलंय. मग म्हणाली, "तुम्हाला जे वाटतं ते वाटू दे." आणि आत गेली.

१ ऑक्टोबर, रविवार

काल दुसरा सामना. ४१–५५. बुटकीचे सोळा, सगळे डावीकडून.

उद्यापासून ही पाच दिवस बहिणीकडे जातेय. मेहुणीचा पाय मुरगळलाय. दोन चादरी, मोठा थर्मास आणि पुढून बटणांचा सैल गाऊन घेतला. मेहुणी अंगाने चांगली भरलेली आहे, तिला तो गाऊन होईलसं वाटत नाही. पण बायकांच्या कपड्यांत आपण बोलू नये.

४ ऑक्टोबर, बुधवार

दुपारी घरचा फोन वाजला. मेहुणी. म्हणाली, ताई आहे का? मी म्हटलं, तुमच्याकडेच आहे ना? ती एकदम गप्प. मग म्हणाली, हो हो, बाहेर गॅलरीत असेल, बघते. आणि ठेवला.

पाय मुरगळला तर डोक्यावर परिणाम होतो हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी सराव. नर्स आली नाही, कप्तानही नाही. कप्तानचा निरोप होता, महत्त्वाचं काम आहे. दोघींना एकाच दिवशी काम. टीम अशीच उसवत जाते, एक टाका सुटला की दुसरा.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

नर्सला विचारलं, बुधवारी कुठे होतीस? म्हणाली, वॉर्डात होते सर. मी म्हटलं, बुधवारी तुझी सुट्टी असते. ती बुटाची नाडी बांधत बसली. बांधलेलीच होती ती, सोडून परत बांधली.

मला वाटतं तीही गोदीवाल्यांकडे जाणार.

ही संध्याकाळी परत आली. थकलेली दिसली. मेहुणीचा पाय कसा आहे विचारलं, तर म्हणाली, वेळ लागेल. डोळे भरून आले. मी म्हटलं, अगं, मुरगळलाच आहे ना. ती थर्मास धुवायला गेली. हिचा बहिणीत फार जीव.

१५ ऑक्टोबर, रविवार

तिसराही हरलो. ४४–५०. तिन्हींत हरून आठवे.

पण फरक कमी होतोय हेही लिहिलं पाहिजे. तेवीस, चौदा, सहा.

कप्तानचे आठ फ्री थ्रो होते, दोनच गेले. सहा गुणांनीच हरलो. जेवताना मी तेच बडबडत होतो, तर बायको म्हणाली, "ती नेम धरते तेव्हा तुम्ही कडेने 'कोपर, कोपर' ओरडता. एकदा गप्प राहून बघा."

या घरात गप्प राहा असं मला पूर्वीही सांगितलं गेलंय, पण बास्केटबॉलबद्दल पहिल्यांदाच. राग आला. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, असं बोललोही. ती म्हणाली, बरं.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

कप्तान रेषेवर उभी राहिली की मी तोंड फिरवून हॉलच्या घड्याळाकडे बघतो. दहात आठ गेले. घड्याळ अकरा मिनिटं मागे आहे.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

आज तर कहर झाला. बायको म्हणाली, समोरच्यांकडे उंची आहे आणि आपल्याकडे नाही, मग बॉल त्यांच्या रिंगपाशी पोचूच कशाला द्यायचा? पहिल्या मिनिटापासून पूर्ण मैदानात अंगाला चिकटून राहा. उंच बायका पळून दमतात. फुल कोर्ट दाब ठेवा.

मी पोळी हातात धरून बसलो. फुल कोर्ट हा शब्द हिला कुठून? विचारलं तर म्हणाली, टीव्हीवर. आमच्या टीव्हीवर सहा महिन्यांत बास्केटबॉल लागलेला नाही.

नऊ नंबर असताना मी हा खेळ कधी केला नाही. गरजच नव्हती. बॉल तिला द्यायचा आणि परत पळायचं. आता विचार करतो, त्या बाकीच्या चौघी इतकी वर्षं नुसत्या हमाली करत होत्या का?

२९ ऑक्टोबर, रविवार

जिंकलो. ५७–४९. समोरची सेंटर तिसऱ्या क्वार्टरमध्ये गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली. बुटकीने चार वेळा हातातला बॉल काढून नेला. शिवणकामवाली सहा मिनिटं खेळली. सामना संपल्यावर पोरींनी मला मध्ये घेऊन गोल केला, मला ते आवडत नाही, पण उभा राहिलो.

घरी सांगितलं. हिने आतल्या खोलीत जाऊन कोणाला तरी फोन लावला. बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता. मेहुणी असेल.

१२ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा जिंकलो. ६०–५८. नवी आता बॉलकडे न बघता रिंगकडे बघून उडते. ही सूचनाही घरूनच आली होती. आम्ही सातवे.

सेक्रेटरी म्हणाला, काय जादू केलीत? मी सांगितलं, प्रत्येक कोचच्या मागे एक बाई असते. तो हसला. मला हसण्यासारखं वाटलं नाही, खरं तेच बोललो.

रोज संध्याकाळी ही दीड तास फिरायला जाते. हातात डबा असतो. फिरायला डबा कशाला, हे एकदा विचारायचंय.

२५ नोव्हेंबर, शनिवार

आजचं आजच लिहितो.

गोदीवाल्यांशी सामना. त्यांच्या बाकावर मी सगळ्यात आधी नऊ नंबर शोधली. नव्हती. यादी मागून बघितली. यादीतही नाव नाही.

५१–५५ हरलो. त्यांना यंदा इतकं जवळ कोणी नेलं नव्हतं. हस्तांदोलन करताना त्यांच्या कोचने माझा हात सोडला नाही. म्हणाला, "पोरगी कशी आहे? ऑपरेशनला दीड महिना झाला ना? आमची सहा नंबर तिच्याच शेजारी व्यायामाला असते. म्हणते, फार सोसते हो, पण आवाज करत नाही."

मी म्हटलं, बरी आहे. हळूहळू होतंय.

बरी आहे म्हणालो. मला माहीतच नव्हतं.

१ डिसेंबर, शुक्रवार

पाच दिवस वही उघडली नाही.

त्या शनिवारी घरी आलो तेव्हा ही डबा भरत होती. मी म्हटलं, ऑपरेशन कधी झालं? तिने डब्याचं झाकण लावलं, पुसलं, आणि खुर्चीवर बसली. मग सगळं सांगितलं. सांगताना रडली नाही. तिचं रडणं ऑक्टोबरमध्येच झालं होतं आणि मी ते मेहुणीच्या नावावर लिहून ठेवलंय.

गुडघ्याच्या आतला बंध तुटला होता. मे महिन्यात डॉक्टरने फोटो काढून सांगितलं. अर्धा आधीच गेलेला असणार, त्यावर खेळल्यामुळे पूर्ण गेला. डॉक्टरने विचारलं, दुखत असताना खेळायला सांगितलं कोणी? पोरीने सांगितलं, कोणी नाही, मीच खेळले. चार ऑक्टोबरला ऑपरेशन. नर्सने रजेच्या दिवशी तिच्या खाटेशी बसून काढलं. कप्तान रक्ताची सोय करायला गेली होती. सगळ्या टीमला माहीत होतं, एक मी सोडून.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं?

ही म्हणाली, "तिने शपथ घातली होती. म्हणाली, बाबांना सांगितलं तर म्हणतील सगळ्यांचेच दुखतात. आणि तसं नाही म्हणाले, तर आयुष्यभर स्वतःला खात बसतील. मला दोन्ही नको."

थोड्या वेळाने मी विचारलं, आणि ते बुटकीचं डावीकडून टाकणं?

"तिचंच."

फुल कोर्ट?

"तेही तिचंच. पोरी तिला येऊन सगळं सांगतात, ती पडल्या पडल्या विचार करते आणि मला सांगते. मला काय कळतंय त्यातलं. मी येताना रस्ताभर पाठ करत यायचे."

मागची पानं वाचून काढली. चार सप्टेंबरचं पान दोनदा वाचलं. चार वेढे, घट्ट, असं मी अभिमानाने लिहिलंय. फाडावंसं वाटलं. फाडलं नाही.

५ डिसेंबर, मंगळवार

तिच्याकडे जायला रोज निघतो आणि चौकातून परत येतो. काय बोलायचं ते ठरत नाही. खेळाडूंशी बोलायला मला कधी अडचण पडली नाही, कारण बोलायचा मी एकटाच असायचो.

शेवटचा सामना सोळा तारखेला, बँकवाल्यांशी. त्यांचे दोन विजय, आमचे दोन. जो हरेल तो आठवा.

आज डबा घेऊन ही निघाली तेव्हा मी म्हटलं, तिला विचार, बँकवाल्यांची अकरा नंबर कोणत्या बाजूने वळते, माझ्या लक्षात नाही.

ही आठ वाजता परत आली. चप्पल काढत म्हणाली, "उजवीकडून वळते, पण आधी डावा खांदा दाखवते. आणि विचारलंय, हे स्वतः येऊन विचारायला काय होतं?"

मी म्हटलं, सामना झाला की जाईन. हिने नुसतं बघितलं.

१० डिसेंबर, रविवार

निरोपांची ने-आण चालू आहे. मी कागदावर प्रश्न लिहून देतो, उत्तरं त्याच कागदाच्या मागे येतात. काचा घासणारीचं अक्षर आहे, बारीक आणि सरळ. बँकवाल्यांच्या पाचही जणींचं तिने मांडलंय. खाली एक ओळ: 'नवीला शेवटपर्यंत ठेवा, ती दमत नाही.'

माझ्याकडे लिहायला खूप होतं. मी लिहिलं: मिळालं.

१६ डिसेंबर, शनिवार

सामना झाला. क्रमाने लिहितो.

मध्यंतराला ३०–२६, आम्ही पुढे. अकरा नंबरने डावा खांदा दाखवला की बुटकी उजवीकडे जाऊन उभी राहायची. अकरा नंबरला पहिल्या अर्ध्यात चारच गुण मिळाले. चौथ्या क्वार्टरमध्ये पाच मिनिटं उरली असताना आम्ही सहाने पुढे होतो. नवीचे एकोणीस गुण झाले होते. सेक्रेटरी बाकाच्या मागे येऊन उभा राहिला.

तेव्हा नवी रिबाउंडला उडाली आणि दुसरीच्या पायावर उतरली. मी टाइमआउट घेतला. ती एका पायावर उड्या मारत बाकाशी आली, बसली आणि पाय पुढे करून म्हणाली, "बांधून द्या सर. घट्ट बांधा. मी खेळते."

पट्टीचं भेंडोळं नर्सच्या पिशवीत सगळ्यात वर होतं. मी ते हातात घेतलं. बाकीच्या चौघी माझ्याकडे बघत होत्या, पट्टीकडे नाही, माझ्याकडे. मी नवीच्या बुटाची नाडी सोडली, मोजा खाली केला. घोटा डोळ्यांदेखत फुगत होता.

मी म्हटलं, दुखतंय का?

ती म्हणाली, नाही सर.

मी म्हटलं, खरं सांग.

ती रडायला लागली. मी पट्टी परत पिशवीत ठेवली आणि शिवणकामवालीला उठवलं. सेक्रेटरी मागून म्हणाला, पाचच मिनिटं राहिलीत हो. मी म्हटलं, माहीत आहे.

शिवणकामवालीने एक टाकला. चांगला टाकला. पण उंची गेली होती आणि बँकवाल्यांना ते लगेच कळलं. ५२–५४.

खालच्या गटात गेलो.

पोरी खोलीत बसल्या होत्या. नर्स नवीच्या घोट्यावर बर्फ धरून होती. मी सांगितलं, जानेवारीपासून संध्याकाळचा हॉल नाही, सकाळी सहाचा मिळेल. ज्यांना जमणार नाही त्यांनी आत्ताच सांगा, मी काही म्हणणार नाही. मग बुटकी म्हणाली, "पहिली भट्टी सव्वासहाला उतरते. मी साडेसहाला येईन. पिठाच्या हातांनी चालेल ना?" कप्तान म्हणाली, शाळा आठला असते. नर्स म्हणाली, आठवड्यातून चार दिवस. कॉलेजवाल्यांनी एकमेकींकडे बघितलं, मग एक म्हणाली, उठवायला फोन करा. शिवणकामवालीला विचारायचं कारण नव्हतं, ती कधी चुकत नाही.

सेक्रेटरी मला बाहेर भेटला. म्हणाला, तिला बांधून उतरवली असती तर आज वाचलो असतो. मी म्हटलं, हो, वाचलो असतो.

१७ डिसेंबर, रविवार

सकाळी दहाला गेलो. डबा आज मीच नेला.

चष्म्याचं दुकान बंद होतं, बाजूच्या बोळातून मागे गेलो. दार उघडंच होतं. एक खाट, एक टेबल, खिडकीत बाटलीत लावलेलं कसलंसं रोप. ती खाटेवर बसली होती, काठी उशाशी. उठायला लागली, मी म्हटलं, राहू दे. उजवी मांडी डावीच्या निम्मी झालीय. बायकोने ते मला सांगितलं नव्हतं. सांगून कळलंही नसतं.

निकाल तिला कालच कळला होता. म्हणाली, "नवीला का काढली?"

मी म्हटलं, घोटा सुजला होता.

"खेळली असती ती."

"हो. खेळली असती."

ती खिडकीकडे बघत राहिली. मी चौकापासून एक वाक्य तयार करत आलो होतो, लांबलचक, त्यात सगळं होतं. ते काही आलं नाही. मी म्हटलं, "मी तुझ्या गुडघ्याकडे बघितलं नाही."

ती म्हणाली, "बघितलं होतं की बाबा. बांधलात तुम्ही."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "हो. बांधला. लंगडत होतीस ते दिसत होतं आणि बांधला."

बोळात कोणीतरी सायकलची साखळी चढवत होतं, त्याचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, डब्यात काय आहे? मी म्हटलं, मला माहीत नाही, आईने दिलाय. तिने उघडून बघितलं आणि परत लावून ठेवला. म्हणाली, आधी व्यायाम. जेवणानंतर होत नाही.

व्यायामाचा कागद भिंतीला चिकटवलेला आहे. पाठीवर झोपायचं, टाच सरकवत कमरेकडे आणायची, पाच मोजेपर्यंत धरायची, सोडायची. पंधरा वेळा. अशा तीन फेऱ्या. डॉक्टर म्हणतात, जिने, चालणं, सगळं होईल. खेळायचं वर्षभराने बघू. ती हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हती, मग एकदा बघितलं. मी म्हटलं, बघू की. घाई कुठे आहे.

ती जमिनीवर सतरंजी टाकून झोपली. गुडघा अजून पूर्ण वळत नाही. मी पायाशी बसलो, टाच तळहातात धरली आणि मोजायला लागलो. नवव्याला ओठ दाबून घेतले. अकराव्याला मांडी थरथरायला लागली. पंधरा झाल्यावर म्हणाली, अजून पाच करते. मी म्हटलं, कागदावर पंधरा आहेत. म्हणाली, होतील हो. मी म्हटलं, होतील, पण कागदावर पंधरा आहेत. आणि टाच खाली ठेवली.

ती थोडी हसली. घाम पुसला. एक मिनिट थांबून दुसरी फेरी सुरू केली. बाराव्याला पाय मध्येच थांबला. छताकडे बघत तिने विचारलं, "बाबा, थांबू का?"

मी म्हटलं, थांब.